मूळ नोंदीबरहुकूम

तुपे भाऊसाहेबांच्या शाळेत एक जूनला जन्मलेली पोरं इतकी होती, की साऱ्यांचे वाढदिवस करायचे म्हटलं असतं तर गावातला एकुलता एक हलवाई दुकान बंद करून पळाला असता. पहिलीत नाव घालायला आलेल्या आईबापाला पोराची तारीख विचारली, की ‘पोळ्याच्या आसपास’ नाहीतर ‘मोठं पाणी झालं त्या साली’ असं उत्तर यायचं. मग गुरुजी नाहीतर क्लार्क सहा वर्षं मागं जाऊन एक जून टाकायचे आणि मोकळे व्हायचे. वय बसायचं, रकाना भरायचा, कुणाचं काही बिघडत नाही असं सगळेच धरून चालायचे. शाळेचे क्लार्क असलेल्या खुद्द बन्सी तुपे भाऊसाहेबांची सरकारी जन्मतारीखही एक जूनच होती. त्या हिशेबानं, शेंद्रा एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या या विद्यालयातली त्यांची नोकरी आता वर्षाला चार दिवस कमी एवढीच उरली होती.

त्या दिवशी जूनची चार तारीख होती. शाळेला सुट्टी, पण ऑफिस दाखल्यांसाठी उघडं. साडेअकराच्या सुमारास एक तरुण बाई स्कूटी उन्हातच लावून आत आली. तोंडावरचा स्कार्फ सोडत तिनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. मेघा खरात, चाइल्ड हेल्पलाइन.

“भाऊसाहेब, मोनिका फकिरा घुगे. यंदा बारावी झाली. तिच्या जन्मतारखेचा उतारा पाहिजे, आत्ता.”

“आत्ता म्हंजे? अर्ज करा, उद्या घेऊन जा.”

“उद्या दुपारी पाचोडला तिचं लग्न आहे. आज संध्याकाळी पाचला हळद. सकाळी शेजारणीच्या मोबाईलवरून तिनं आम्हाला फोन केला. लग्न करायचं नाही म्हणते, आणि सोळाच वर्षांची आहे म्हणते.”

भाऊसाहेबांचा हात कपाटाकडं जाता जाता थांबला. पहिलीपासून बारावीपर्यंत एकाच शाळेत शिकलेल्या पोरांची नावं त्यांना पाठ असायची. हे नाव जरा जास्तच पाठ होतं. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं. हे रजिस्टर म्हणजे शाळेचं मूळ. पोराचं नाव, जात, जन्मतारीख यात एकदा चढली, की पुढं दहावीचं प्रमाणपत्र, आधार कार्ड, रेशन कार्ड सगळं तिथून उतरत जातं. दोन हजार तेरा सालचं पान त्यांनी उघडलं. मोनिकाच्या ओळीत निळ्या शाईत लिहिलं होतं, एक जून दोन हजार सात. अक्षर त्यांचंच, वळणदार आणि स्वच्छ.

“तीन दिवसांपूर्वी अठरा भरली,” ते म्हणाले.

“कागदावर.” मेघानं खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. “वयाचा वाद आला, की बाल कल्याण समिती आधी शाळेचा दाखला आणि बोर्डाचं प्रमाणपत्र बघते. जन्माचा दाखला तिच्याकडं नाही, ती उसाच्या फडावर जन्मली. शाळेच्या तारखेत खोट आहे असं शाळेतूनच कुणी लेखी दिलं, तर मी आजच्या आज तिला समितीपुढं नेऊ शकते. नाहीतर ती सज्ञान ठरते, आमच्या हेल्पलाइनच्या कक्षेबाहेर, आणि उद्याचं लग्न कागदावर चोख आहे; मला दारात उभं राहून बघण्यापलीकडं काही करता येणार नाही.”

“खोट हाये असं कोन म्हनतं?”

“मोनिका. तिची आई लहानपणापासून तिला सांगत आलीय, की शाळेतल्या भाऊसाहेबांनी तारीख वाढवली म्हणून तू जगलीस.”

बाहेर कुणीतरी बोअरची मोटर चालू केली. भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटलं नाही, पण त्यांची नजर त्या ओळीवरून हटली होती. ती गोष्ट खरी होती, आणि इतकी वर्षं तिचा त्यांना थोडा अभिमानही होता.

दोन हजार तेराच्या जूनमध्ये सारजाबाई घुगे एका पोरीचं बोट धरून आणि दुसरीला काखेत घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहिली होती. नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जायचे. पटावरच्या पोरांसाठी शाळेत सहा महिन्यांचं हंगामी वसतिगृह चालायचं, तिथं राहायची आणि जेवायची सोय व्हायची. थोरली पाचवीत होती, तिची चिंता नव्हती. काखेतली मोनिका साडेचार वर्षांची, आणि पहिलीला सहा पूर्ण लागायची. आदल्या साली त्यांच्या टोळीतलं एक लेकरू फडात झोपलेलं असताना ट्रॅक्टरखाली आलं होतं. “भाऊसाहेब, हिला संगं नेली तर परत आनीनच असं नाय,” सारजाबाई म्हणाली होती आणि नर्सबाईनं दिलेलं लसीकरणाचं कार्ड तिनं पुढं केलं होतं. त्यावर तारीख होती एकोणीस नोव्हेंबर दोन हजार आठ. भाऊसाहेबांनी ते वाचलं, रजिस्टरात एक जून दोन हजार सात लिहिलं आणि कार्ड प्रवेश अर्जाला टाचून ठेवलं. एका लेकराला वाचवण्यासाठी दीड वर्ष वाढवलं, यात पाप काय, असं त्यांना त्या वेळी वाटलं होतं. तेच दीड वर्ष आज त्या पोरीच्या गळ्याला फास लावायला निघालं होतं.

“बसा, सरांना विचारून आलो,” ते म्हणाले.

मुख्याध्यापक सर्जेराव मगर यांच्या केबिनबाहेरच्या भिंतीवर ‘मुलींनो, न घाबरता बोला’ असं रंगवून खाली १०९८ हा नंबर लिहिलेला होता. रंगवा असं पत्र आलं, म्हणून रंगवला आणि फोटो वर पाठवला, एवढाच त्या भिंतीचा इतिहास. तो नंबर एखादी पोरगी खरोखर फिरवील असं सरांच्या स्वप्नातही आलं नसावं. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी चहाचा कप दोनदा उचलला आणि दोनदा तसाच खाली ठेवला.

“उतारा मागतेय ना? द्या उतारा. रजिस्टरात काय आहे?”

“एक जून दोन हजार सात.”

“मग तेच लिहा. खाली ‘मूळ नोंदीबरहुकूम’ म्हणून सही करा. यात खोटं काय आहे, तुपे? नोंद तशी, उतारा तसा.”

“सर, नोंदच खोटी हाये.”

“हळू बोला.” सरांनी दार लोटून घेतलं. “त्या सालच्या एकेचाळीस पोरांत एकोणतीस जण एक जूनचे. ही एक ओळ उघडली, की खातं बाकीच्या ओळी उघडंल. त्या पोरांचे दाखले, भरत्या, सगळं लटकंल. तुमची पेन्शन अडकंल आणि माझी चौकशी लागंल. बारावी पास झालीय पोरगी, मुलगा कंपनीत परमनंट आहे म्हणतात. एवढं आभाळ कोसळलंय का?”

भाऊसाहेब घाबरले. चौतीस वर्षं एका टेबलावर काढलेल्या माणसानं शेवटच्या वर्षात घाबरू नये असं म्हणणं सोपं आहे. म्हणणाऱ्यानं आधी तेवढी वर्षं काढून दाखवावीत. घरी पत्नी द्वारकाबाई होत्या. दोघांचं पुढचं सगळं आयुष्य त्या पेन्शनवर बेतलेलं होतं. ते मुकाट परत आले, छापील उतारा पुढं ओढला आणि भरायला लागले. मेघा समोर बसून पेनाचं टोक बघत होती. नाव झालं, आईचं नाव झालं, जन्मतारीख अंकी झाली, अक्षरी झाली. सही तेवढी राहिली होती, तेव्हा टेबलावरचा मोबाईल वाजला.

“राम राम भाऊसाहेब, फकिरा बोलतोय. उद्या पाचोडला यायचं, गाडी धाडतो. नाय म्हनायचं नाय.”

“फकिरा,” त्यांनी मेघाकडं पाठ फिरवली. “लई घाई केली राव.”

“घाई कसली? ठिकान चांगलं आलं. आन आमी कायद्यात हाव बरं का. पावनं मे म्हयन्यातलीच तिथ धरत व्हते, मीच म्हनलं एक तारीख जाऊ द्या, पोरगी अठराची व्हऊ द्या.”

“पोरगी काय म्हनती?”

“पोरगी काय म्हननार. रडती जराशी. पोरी रडत्यातच.”

“तिचं खरं वय तुला ठाऊक हाये, फकिरा.”

पलीकडं सनई वाजत होती. फकिरा समजुतीनं म्हणाला, “कागद म्हनतो तेच खरं. तुमीच तर लिवलंय. तुमी शाळंत घेतली नसती, तर फडातच मेली असती पोरगी. म्हनून पयल्या अक्षता तुमच्या.”

फोन ठेवल्यावर भाऊसाहेबांनी सहीच्या कोऱ्या जागेकडं पाहिलं. आपल्या हातानं अक्षता टाकायच्या, आणि त्याही आपल्याच हातानं वाढवलेल्या वयावर, हे काही केल्या त्यांना पटेना. त्यांनी पेन बंद केला, स्टूल उचललं आणि ते मागच्या रेकॉर्डच्या खोलीत गेले.

फडक्यात बांधलेले गठ्ठे फळीवर साल लावून ठेवलेले होते. तेराचा गठ्ठा सगळ्यात वर. गेल्या वर्षीच्या तपासणीत साहेबांनी जुने प्रवेश अर्ज मागितले, तेव्हा शोधायचा कंटाळा म्हणून ‘सदर गठ्ठा वाळवीने नष्ट’ असं लिहून दिलं होतं. वाळवीनं त्याला शिवलंही नव्हतं. गाठ सुटेना, म्हणून त्यांनी ती दातानं ओढली. एकेक अर्ज उलटताना घामानं बोटं कागदाला चिकटत होती. सदतिसावा अर्ज मोनिकाचा. मागं गंजलेल्या टाचणीत कार्ड जसंच्या तसं होतं. तारखेवर नर्सबाईची सही होती आणि आरोग्य केंद्राचा गोल शिक्का.

“काय सापडलं?”

दारात मगर सर उभे होते. त्यांनी हात पुढं केला होता.

“इकडं द्या ते.”

“सर, हे तिचं...”

“त्या गठ्ठ्याला वाळवी लागली असं आपण लेखी दिलंय. तुमच्याच अक्षरात आहे ते. जो कागद नाहीच, तो सापडंल कसा? द्या.”

सरांचा आवाज चढलेला नव्हता. चिडले असते तर बरं झालं असतं. आजवर त्या हातात भाऊसाहेबांनी न विचारता हजारो कागद ठेवले होते, आणि सवयीनं त्यांचा हात थोडा पुढं गेलाही. मग ते सरांच्या बाजूनं अंग चोरून बाहेर आले आणि चार पावलांत आपल्या टेबलापाशी पोचले. त्यांनी आवकचा शिक्का उचलला, तारीख फिरवली आणि कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दाबला. लगेच आवक रजिस्टर ओढून त्यांनी लिहिलं: क्रमांक एकशे सत्तेचाळीस, कु. मोनिका फकिरा घुगे हिचे लसीकरण कार्ड, जन्म १९-११-२००८, जुन्या गठ्ठ्यातून प्राप्त. खाली सही केली.

“आता हा कागद आवक झाला, सर,” ते म्हणाले. “आता नाहीसा करायचा तर रजिस्टरबी नाहीसं करावं लागंल. आन या मॅडमनी बघितलंय.”

मेघा उभी राहिली होती. तिनं मोबाईलवर पानाचा फोटो काढून घेतला.

सरांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. “शेवटच्या वर्षात काय दुर्बुद्धी सुचली तुम्हाला. उद्या कारणे दाखवा नोटीस निघंल.”

“काढा. जावक नंबर मीच देतो तिला.”

सर केबिनमध्ये गेल्यावर भाऊसाहेब आपल्या खुर्चीत बसले. मग त्यांनी कोरा फुलस्केप घेतला. आयुष्यभर ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ लिहिणाऱ्या माणसाला साधी वाक्यं सुचेनात. तीन कागद चुरगळल्यावर चौथ्यावर त्यांनी लिहिलं, ‘मी बन्सी तुपे, क्लार्क. मोनिकाची खरी तारीख मला माहीत होती. वय बसावे म्हणून मी दीड वर्ष वाढवून लिहिले. ती नोंद खोटी आहे आणि ती माझी आहे.’

मेघानं ते दोनदा वाचलं. “काका, वकिलाला विचारायचंय का आधी?”

“विचारलं, तर तो नाय म्हनंल. तुम्ही पाठवा.”

एक वाजून दहा मिनिटांनी तिनं कागद समितीकडं पाठवले. त्यानंतर वाट बघणं आलं. एक सदस्य सुनावणीत होते, दुसऱ्यांचा फोन लागत नव्हता. भाऊसाहेबांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. तीन वाजले, साडेतीन झाले. पंखा मध्येच बंद पडला. चार वाजून वीस मिनिटांनी मेघाचा मोबाईल किणकिणला. मुलीला आज हजर करण्याचा आदेश आला होता. पोलीस चौकीतून जीप निघाली, वाटेत बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला घेऊन शाळेच्या फाटकाशी आली.

“तुम्हीही चला,” मेघा म्हणाली. “कागद आम्ही बनवला असं म्हणतील. तुम्ही लिहिलेलं तुम्हीच सांगा.”

घुग्यांच्या दारात मांडव पडला होता. भाऊसाहेब पुढं आणि बाकीचे दहा पावलं मागं होते, म्हणून फकिराला आधी तेच दिसले. तो हळदीच्या हातांनीच धावत आला. “या, या भाऊसाहेब. आरं, खुर्ची आना रं पुढं.” मग त्याला खाकी कपडे दिसले. त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. कुणीतरी डीजे बंद केला.

मेघानं आदेश वाचला. फकिरा ऐकत नव्हता, तो भाऊसाहेबांकडं बघत होता.

“तवा तुमीच लिवलं,” तो म्हणाला. “आता तुमीच खोडता? पावन्यांम्होरं माझी काय इज्जत राह्यली?”

“तवा खोटं लिवलं तेबी मीच, फकिरा. आज खरं सांगतोय तेबी मीच. तुला शिव्या द्यायच्या तर मला दे.”

“कागद खोटाय ह्यांचा,” गर्दीतून नवऱ्या मुलाचा मामा ओरडला. “आधार हाये आमच्याकडं. बोर्डाचं सर्टिफिकेट हाये. कोन म्हनतं पोरगी ल्हान हाये?”

दोन-चार जण पुढं सरकले. पोलिसानं हात आडवा केला. भाऊसाहेबांना पाठीमागून कुणाचा तरी धक्का बसला आणि चष्मा नाकावरून घसरला. तेवढ्यात चुलीपाशी उभी असलेली सारजाबाई म्हणाली, “मी म्हनते.”

ती पदरानं हात पुसत पुढं आली. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही.

“कार्तिकात झाली माझी पोर. कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, रात्री. पल्याडल्या कोपीतल्या म्हातारीनं नाळ कापली. त्या सालापसून किती कार्तिक झाले, ते मला येतंय मोजाया.”

फकिरा मटकन खुर्चीवर बसला, भाऊसाहेबांसाठी आणलेल्याच. त्याला रागावणं कुणालाच जमेना. तो कायदा मोडत नाही अशा समजुतीतच एक तारखेची वाट बघत थांबला होता, आणि ती समजूत त्याला एका सरकारी अक्षरानं दिली होती.

मोनिका आतून आली, तेव्हा तिच्या कपाळाला, हातांना, पायांना हळद लागलेली होती. रडून रडून डोळे सुजले होते, तरी चाल धीट होती. मेघानं तिच्या खांद्यावर हात ठेवून आता कुठं जायचं, कोण भेटेल, घरी परत कधी येता येईल हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. जीपपाशी ती भाऊसाहेबांसमोर थांबली.

“मंग आता मी किती वर्षांची?”

“साडेसोळा.”

तिनं मनाशी मोजलं. “म्हंजे अठराला अजून दीड वर्ष हाये.”

“हाये.”

आपण काही मोठं केलं असं तिला वाटावं, निदान तिनं एकदा मान तुकवावी, एवढी आशा भाऊसाहेबांना होती, खोटं कशाला बोलायचं. मोनिका मात्र त्यांच्याकडं, गणित चुकलेल्या पोराकडं बघावं तशी बघत होती.

“भाऊसाहेब, आमच्या वर्गातल्या राजनंदिनीचं दहा तारखेला हाये. लिंबेजळगावला. तिनं तर फोनबी केला नाय, तिच्याकडं फोनच नाय.” ती थांबली. “तिचीबी एक जूनच हाये. ती कुनी लिवली?”

जीपचं इंजिन चालू झालं होतं. मेघानं वही काढून मांडीवर उघडली आणि ती भाऊसाहेबांकडं बघायला लागली. त्यांनी चष्मा पुसला आणि तसाच हातात धरला.

“मीच,” ते म्हणाले. “लिहून घ्या मॅडम. तिच्यासारखंच वय वाढवून लिवलेल्या अजून सात पोरी हायेत.”